टेकडीतला टेक

देवासला पाऊल ठेवलं की मराठी माणसाच्या कानाला पहिला शब्द खटकतो तो 'टेकरी'. आपण टेकडी म्हणतो, माळव्यात 'माताजी की टेकरी' म्हणतात. वर तुळजाभवानी आणि चामुंडा, खाली पवार राजघराण्याच्या थोरल्या-धाकट्या पातीचं गाव. 'ड' की 'र' हा वाद सोडू. दोहोंच्या पोटातला 'टेक' एकच. टेकणे, टेकू, टेकण ही सारी त्याच घरची वाटतात. याच टेकडीच्या पायथ्याशी कुमार गंधर्वांनी निर्गुणी भजनं गायली. भजनाच्या ज्या ओळीवर गाणारा पुन्हा पुन्हा येऊन विसावतो, तिलाही हिंदीत 'टेक'च म्हणतात.

टेकण्याला एक शब्द, पण पडण्याला मराठीत किती! भिंत खचते, बुरूज ढासळतो, कडा कोसळतो, मुरूम घसरतो. खचणं खाली, ढासळणं ढिगाऱ्याने, कोसळणं एकदम, घसरणं उतारावरून. 'दरड' मात्र 'दरी', 'विदीर्ण' यांच्या पंक्तीतली. मूळ धातू 'दॄ', म्हणजे फाटणं. डोंगर आधी फाटतो, मग खाली येतो, हे शब्दातच आहे.

उतार टिकेल का, हे तपासणाऱ्या अभियंत्याचं गणितही फाटण्यापासूनच सुरू होतं. माती ज्या रेषेवर फाटेल ती तो कल्पनेने आखतो, बहुधा कमानीसारखी वाकडी. तिच्यावरच्या मातीचे उभे काप पाडतो. प्रत्येक कापाचं वजन किती ओढतं, तळाचं घर्षण आणि मातीचा चिकटपणा किती धरतो, याची बेरीज मांडतो. धरणाऱ्या बळाला ओढणाऱ्या बळाने भागलं की सुरक्षा गुणांक मिळतो. अशा अनेक रेषा तपासून सर्वांत कमी गुणांकाची धरायची. १९१६ मध्ये स्वीडनच्या गोटेबर्ग बंदरातला धक्का घसरला, त्यातून ही रीत घडत गेली. फेलेनियस या अभियंत्याने ती मांडली, बिशपने १९५५ मध्ये सुधारली.

या हिशेबात घोळ घालतं ते पाणी. पलीकडच्या धार जिल्ह्यात, कारम नदीवर, ऑगस्ट २०२२ मध्ये बांधून पुरं न झालेल्या मातीच्या धरणाची पाळ झिरपू लागली, तिची माती ढासळू लागली. खालची १८ गावं रिकामी करून, बाजूने चर खणून पाणी सोडावं लागलं. 'पाळ' हा शब्द कानाचाही आहे आणि तळ्याचाही. संस्कृत 'पालि' म्हणजे कड. त्या कडेत पाणी मुरलं की मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत दाब चढतो. कणांनी कणांवर टाकलेला भार तेवढा हलका होतो, आणि भार गेला की घर्षणही जातं. साध्या मराठीत सांगायचं तर कण एकमेकांवर टेकेनासे होतात.

म्हणून अभियंता 'अढळ' हा शब्द वापरत नाही. ते पद ध्रुवाला दिलेलं आहे. भरल्या धरणाच्या उतारासाठी तो १.५ मागतो. म्हणजे ओढ असेल तिच्या दीडपट टेक.