एकाच लॅपटॉपवर तीन कॉम्प्युटर: व्हर्च्युअल मशीन फुल स्क्रीनमध्ये आणि वेगवेगळ्या डेस्कटॉपवर कसं वापरायचं?

समजा, लग्नपत्रिका आणि हँडबिलं छापणारं एक दुकान आहे. दुकानातला लॅपटॉप नवा, विंडोज ११ वर चालणारा. पण जुन्या गिऱ्हाइकांच्या फाइल ज्या डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये केल्या आहेत, ते फक्त विंडोज ७ वर नीट चालतं. त्यातच मालकाचा मुलगा पॉलिटेक्निकला आहे आणि त्याला त्याच लॅपटॉपवर लिनक्स शिकायचं आहे.

अशा वेळी तीन कॉम्प्युटर घ्यायची गरज नसते. एका लॅपटॉपवर दोन व्हर्च्युअल मशीन तयार करता येतात. प्रत्येक मशीन फुल स्क्रीन करून वेगळ्या डेस्कटॉपवर ठेवलं, की बोटाच्या एका इशाऱ्यावर या कॉम्प्युटरवरून त्या कॉम्प्युटरवर जाता येतं.

मात्र पहिल्यांदा हे करणारे बहुतेक जण तीन ठिकाणी अडकतात. फुल स्क्रीन होतच नाही, झालं तर बाहेर पडता येत नाही आणि बाहेर पडता आलं तरी आपण नेमके कोणत्या मशीनमध्ये आहोत हे कळत नाही. यातली शेवटची अडचण सगळ्यात महागात पडू शकते.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय?

व्हर्च्युअल मशीन म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर. त्याला स्वतःची हार्ड डिस्क, मेमरी आणि स्क्रीन असते. प्रत्यक्षात त्याची डिस्क ही तुमच्या डिस्कवरची एक मोठी फाइल असते आणि मेमरी तुमच्याच रॅममधून घेतलेली असते.

तुमच्या खऱ्या कॉम्प्युटरला 'होस्ट' म्हणतात आणि आतल्या मशीनला 'गेस्ट', म्हणजे यजमान आणि पाहुणा.

यासाठी व्हर्च्युअलबॉक्स आणि व्हीएमवेअर वर्कस्टेशन ही दोन सॉफ्टवेअर जास्त वापरली जातात. व्हर्च्युअलबॉक्स मोफत आहे. ते आधी इनोटेक या जर्मन कंपनीचं होतं. २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ती कंपनी घेतली आणि २०१० मध्ये सनच ओरॅकलकडे गेली. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो पूर्वी विकत घ्यावं लागायचं. नोव्हेंबर २०२४ पासून तेही सगळ्यांसाठी मोफत आहे. विंडोजच्या प्रो आवृत्तीत मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही मिळतं, होम आवृत्तीत ते मिळत नाही.

सॉफ्टवेअर मोफत असलं, तरी आत टाकलेल्या विंडोजचं लायसन्स वेगळं लागतं, हे लक्षात ठेवा.

डिस्प्ले वेगळा, वर्कस्पेस वेगळा

सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. 'डिस्प्ले' म्हणजे मॉनिटर. 'वर्कस्पेस' किंवा 'व्हर्च्युअल डेस्कटॉप' म्हणजे त्याच मॉनिटरवर आळीपाळीने दिसणारी वेगवेगळी टेबलं. एका टेबलावर हिशेब मांडलेला, दुसऱ्यावर पत्रिकेचं काम. टेबल बदललं तरी खोली तीच असते.

व्हर्च्युअल मशीनला एकापेक्षा जास्त स्क्रीन देता येतात. व्हर्च्युअलबॉक्सच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये स्लायडर सरकवून ८ पर्यंत मॉनिटर निवडता येतात. मग अनेकांना वाटतं, की मशीनला दोन स्क्रीन दिल्या की एक पहिल्या डेस्कटॉपवर आणि दुसरी दुसऱ्या डेस्कटॉपवर फुल स्क्रीन होईल.

तसं होत नाही. फुल स्क्रीनमध्ये व्हर्च्युअलबॉक्सला आतल्या प्रत्येक स्क्रीनसाठी एक खरा मॉनिटर लागतो. मॉनिटर कमी पडले तर ते फुल स्क्रीन व्हायला नकार देतं आणि 'आतल्या स्क्रीन कमी करा किंवा मॉनिटर वाढवा' अशा अर्थाचा संदेश दाखवतं. नवे डेस्कटॉप कितीही उघडले तरी त्याच्या लेखी मॉनिटर एकच असतो.

म्हणून मॉनिटर एकच असेल, तर एका मशीनला एकच स्क्रीन द्या आणि एका डेस्कटॉपवर एकच मशीन ठेवा.

आधी काय तयारी करायची?

रॅम: दोन्ही मशीन एकाच वेळी चालू राहणार असतील, तर दोघांची मेमरी आणि होस्टची मेमरी यांची बेरीज करा. लॅपटॉपमध्ये १६ जीबी असेल, तर प्रत्येक मशीनला ४ जीबी देऊन होस्टसाठी ८ जीबी उरते. लॅपटॉप ८ जीबीचा असेल, तर एका वेळी एकच मशीन चालू ठेवणं बरं.

गेस्ट ॲडिशन्स: हे छोटं सॉफ्टवेअर आतल्या मशीनमध्ये टाकावं लागतं. ते नसेल तर फुल स्क्रीन केल्यावर मधोमध लहानसं चित्र आणि चारही बाजूंना काळी पट्टी दिसते. व्हीएमवेअरमध्ये याच कामाला 'व्हीएमवेअर टूल्स' आहे.

व्हिडिओ मेमरी: १९२० × १०८० च्या एका स्क्रीनवर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट धरले, तर एका चित्राला सुमारे ८.३ एमबी लागतात. प्रत्यक्षात याहून बरीच जास्त जागा लागते. त्यामुळे व्हर्च्युअलबॉक्समध्ये व्हिडिओ मेमरी १२८ एमबी ठेवली, की हा प्रश्न मिटतो.

विंडोजवर कसं करायचं?

विंडोज १० पासून, म्हणजे २०१५ पासून, विंडोजमध्ये व्हर्च्युअल डेस्कटॉपची सोय आहे.

१. विंडोज की, कंट्रोल आणि डी एकत्र दाबा. नवा डेस्कटॉप उघडेल.

२. त्या डेस्कटॉपवर पहिलं व्हर्च्युअल मशीन सुरू करा.

३. मशीन पूर्ण सुरू झालं, की होस्ट की आणि एफ दाबा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये होस्ट की म्हणजे उजवीकडची कंट्रोल की. व्हीएमवेअरमध्ये कंट्रोल, आल्ट आणि एंटर दाबायचं.

४. आणखी एक डेस्कटॉप उघडा आणि दुसऱ्या मशीनसाठी हेच पुन्हा करा.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी खिडकी योग्य डेस्कटॉपवर न्यायची आणि मगच फुल स्क्रीन करायची. खिडकी चुकीच्या डेस्कटॉपवर उघडली असेल, तर विंडोज की आणि टॅब दाबा. सगळ्या खिडक्यांची छोटी चित्रं दिसतील. चित्रावर राइट क्लिक करून खिडकी हव्या त्या डेस्कटॉपवर पाठवता येते.

फुल स्क्रीनमधून बाहेर कसं पडायचं?

डेस्कटॉप बदलण्यासाठी विंडोज की, कंट्रोल आणि डावा किंवा उजवा बाण दाबायचा असतो. पण फुल स्क्रीनमध्ये हे दाबलं तर होस्टवर काहीच होत नाही. कारण त्या वेळी कीबोर्ड आतल्या मशीनच्या ताब्यात असतो. तुम्ही दाबलेली प्रत्येक की पाहुण्याकडे जाते, यजमानापर्यंत पोहोचतच नाही.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये होस्ट की एकदाच दाबून सोडा. कीबोर्ड मोकळा होईल आणि मग डेस्कटॉप बदलता येईल. व्हीएमवेअरमध्ये हेच काम कंट्रोल आणि आल्ट एकत्र दाबून होतं. हायपर-व्हीमध्ये कंट्रोल, आल्ट आणि डावा बाण.

काही लॅपटॉपवर उजवी कंट्रोल कीच नसते. काही नव्या मॉडेलमध्ये तिच्या जागी को-पायलट की आली आहे. अशा वेळी फुल स्क्रीन करण्याआधीच व्हर्च्युअलबॉक्सच्या प्रेफरन्सेसमध्ये इनपुट विभागात जाऊन होस्ट की बदलून घ्या. नाहीतर बाहेर पडायचा नेहमीचा रस्ताच बंद होतो.

व्हीएमवेअरमध्ये आणखी एक सोपा मार्ग आहे. फुल स्क्रीनमध्ये असताना कंट्रोल, आल्ट आणि उजवा किंवा डावा बाण दाबला, की चालू असलेल्या एका मशीनवरून दुसऱ्यावर जाता येतं. त्यासाठी वेगळा डेस्कटॉपही लागत नाही.

दोन मॉनिटर असतील तर?

लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडला असेल, तर एका मशीनच्या दोन स्क्रीन दोन मॉनिटरवर फुल स्क्रीन होऊ शकतात. व्हर्च्युअलबॉक्समध्ये होस्ट की आणि होम दाबलं की मेन्यू उघडतो. आतली कोणती स्क्रीन कोणत्या मॉनिटरवर दाखवायची, हे तिथे ठरवता येतं. हायपर-व्हीमध्ये मशीनला जोडताना सगळे मॉनिटर वापरण्याचा पर्याय येतो.

विंडोजमध्ये डेस्कटॉप बदलला की सगळ्या मॉनिटरवरचं चित्र एकत्र बदलतं. एका मॉनिटरवर मशीन कायम ठेवून फक्त दुसऱ्यावरचा डेस्कटॉप बदलायचा, असं तिथे सरळपणे होत नाही.

मॉनिटर एक आणि आतल्या स्क्रीन दोन हव्याच असतील, तरी एक तोडगा आहे. फुल स्क्रीनचा नाद सोडा. व्हर्च्युअलबॉक्स प्रत्येक स्क्रीनसाठी स्वतंत्र खिडकी उघडतं. त्यातली एक दुसऱ्या डेस्कटॉपवर पाठवा आणि दोन्ही मोठ्या करा. वरचा मेन्यू आणि खालची पट्टी सेटिंगमधून लपवता येते. आतलं एखादं ॲप एका स्क्रीनवरून दुसऱ्या स्क्रीनवर माउसने ओढून नेता येणार नाही, पण आत विंडोज असेल तर विंडोज की, शिफ्ट आणि बाण दाबून ते हलवता येतं.

मॅक आणि लिनक्सवर काय फरक पडतो?

मॅकवर हे सगळ्यात सोपं आहे. तिथे एखादी खिडकी फुल स्क्रीन केली, की तिला आपोआप स्वतंत्र 'स्पेस' मिळते. ट्रॅकपॅडवर तीन किंवा चार बोटं आडवी सरकवली की एका मशीनवरून दुसऱ्यावर जाता येतं. मॅकवर व्हर्च्युअलबॉक्सची होस्ट की म्हणजे डावी कमांड की. प्रत्येक मॉनिटरला वेगळ्या स्पेस देण्याची सोयही सिस्टीम सेटिंगमध्ये आहे. ती चालू असेल तर एक मॉनिटर तसाच ठेवून दुसऱ्यावरचं काम बदलता येतं.

लिनक्समध्ये जीनोम वापरणाऱ्यांनी एक सेटिंग तपासावं. जीनोममध्ये सहसा फक्त मुख्य मॉनिटरवरचा वर्कस्पेस बदलतो आणि दुसरा मॉनिटर तसाच राहतो. दोन्ही एकत्र बदलायचे असतील, तर मल्टीटास्किंग विभागात ते बदलता येतं. केडीई प्लाझ्मामध्ये प्रत्येक खिडकीसाठी नियम ठरवता येतो, म्हणजे अमुक मशीन नेहमी तिसऱ्या डेस्कटॉपवरच उघडेल.

आपण कोणत्या मशीनमध्ये आहोत?

फुल स्क्रीनचा फायदा तोच त्याचा धोकाही आहे. मशीन खऱ्या कॉम्प्युटरसारखं दिसतं, त्यामुळे आपण आत आहोत की बाहेर, हे घाईत विसरायला होतं. सरावासाठी घेतलेल्या मशीनमधलं फोल्डर समजून होस्टवरचं फोल्डर उडवलं, तर गिऱ्हाइकाच्या पत्रिकेची फाइल जायला एक क्लिक पुरते.

हे टाळायला तीन सवयी उपयोगी पडतात.

पहिली, प्रत्येक मशीनचं वॉलपेपर वेगळ्या ठळक रंगाचं ठेवा. जुन्या विंडोजला लाल, लिनक्सला हिरवं आणि होस्टला नेहमीचं.

दुसरी, व्हर्च्युअलबॉक्सची फुल स्क्रीनमधली छोटी पट्टी बंद करू नका. तिच्यावर मशीनचं नाव लिहिलेलं असतं.

तिसरी, काही मोठा बदल करण्याआधी मशीनचा स्नॅपशॉट घ्या. काही बिघडलं तर मशीन पुन्हा त्याच क्षणाच्या स्थितीत नेता येतं. पण ही सोय फक्त आतल्या मशीनसाठी आहे. होस्टवरच्या फाइलचा बॅकअप वेगळाच घ्यावा लागतो.

जुन्या विंडोजबाबत आणखी एक काळजी घ्यायला हवी. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. असं मशीन फक्त जुन्या सॉफ्टवेअरसाठी हवं असेल, तर त्याचं नेटवर्क सेटिंगमधून बंद ठेवा. त्यातून बँकेचे व्यवहार करू नका. शेअर्ड फोल्डर आणि शेअर्ड क्लिपबोर्ड लागेल तेवढ्याच वेळासाठी चालू करा, कारण होस्ट आणि गेस्ट यांच्यातली भिंत तिथे आपणच उघडलेली असते.

थोडक्यात

मॉनिटर एक असेल तर एका डेस्कटॉपवर एक मशीन आणि त्या मशीनला एकच स्क्रीन. एका मशीनच्या दोन स्क्रीन फुल स्क्रीन हव्या असतील तर मॉनिटरही दोन. होस्ट की कोणती, ते आत शिरण्याआधी पाहून ठेवा. आणि डिलीट दाबण्यापूर्वी वॉलपेपरचा रंग एकदा बघा.