सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार : संवादोपचारांची तुलना

इंग्रजीत बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर म्हणतात त्या विकारात भावना क्षणात टोक गाठतात, जवळचे माणूस सोडून जाईल ही भीती पाठ सोडत नाही, आणि स्वतःला इजा करून घेण्यापर्यंत किंवा आत्महत्येच्या प्रयत्नापर्यंत मजल जाते. मुख्य उपचार संवादाचा, औषधे पूरक. मार्शा लिनेहान यांची डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी (डीबीटी) भावना सावरण्याची कौशल्ये शिकवते. बेटमन आणि फोनगी यांची मेंटलायझेशन पद्धत स्वतःच्या व दुसऱ्याच्या मनात काय चालले असेल याचा विचार करायला लावते. जेफ्री यंग यांची स्कीमा थेरपी बालपणापासून घट्ट बसलेल्या धारणांवर काम करते, तर ऑटो कर्नबर्ग यांच्या परंपरेतील ट्रान्सफरन्स-केंद्रित उपचार रुग्ण आणि उपचारक यांच्यातल्या नात्यालाच अभ्यासविषय करतो. यांतली श्रेष्ठ कोणती, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. उपलब्ध पुरावा पाहता तो चुकीच्या जागी बोट ठेवतो.

डीबीटीची पहिली यादृच्छिक चाचणी 1991 साली प्रसिद्ध झाली. त्यात स्वतःला इजा करण्याचे प्रकार कमी झाले, पण तुलना होती ती समाजात जो मिळेल त्या उपचाराशी. प्रतिस्पर्धी तयारीचा असला की चित्र बदलते. 2009 साली टोरांटोत 180 रुग्णांवर वर्षभर डीबीटी आणि ‘सामान्य मनोवैद्यकीय व्यवस्थापन’ यांची तुलना झाली. या दुसऱ्या उपचारात आठवड्याची भेट, संकटकाळाचे नियोजन, गरजेपुरती औषधे आणि उपचारकांची नियमित चर्चा यांचा समावेश होता. दोन्ही गटांत भरीव सुधारणा झाली आणि फरक आढळला नाही. दोन वर्षांच्या पाठपुराव्यातही नाही. न्यूयॉर्कच्या 2007 च्या चाचणीतही तुलना झालेल्या तिन्ही उपचारांचे रुग्ण सुधारले.

यावर एक सबळ आक्षेप आहे. 2006 साली लिनेहान यांनी डीबीटीची तुलना नावाजलेल्या तज्ज्ञांच्या उपचारांशी केली, तेव्हा डीबीटी गटात आत्महत्येचे प्रयत्न निम्म्याने कमी होते. मग उपचार सारखेच कसे? मात्र ते तज्ज्ञ आपापल्या रीतीने उपचार करत होते. टोरांटोच्या उपचारकांपुढे एकच आराखडा होता आणि पाठीशी सहकाऱ्यांची बैठक होती. सोडून दिले जाण्याची भीती ज्याच्या मुळाशी आहे, अशा विकारात उपचारकाचे सातत्य हेच अर्धे औषध ठरावे, यात नवल नाही. दुसरा आक्षेप नेदरलँड्समधला: तिथे 2006 च्या तीन वर्षांच्या चाचणीत स्कीमा थेरपी ट्रान्सफरन्स-केंद्रित उपचाराच्या पुढे गेली आणि तिच्यातून कमी रुग्ण गळाले. तो फरक नाकारण्याचे कारण नाही. रुग्ण कुठे टिकून राहतो, हेही निवडीचे मोठे परिमाण आहे. शिवाय या पुराव्याला मर्यादा आहे: बहुतेक चाचण्यांतले रुग्ण स्त्रिया आहेत, आणि 2017 च्या एका संकलित विश्लेषणाने उपचारांचा परिणाम मध्यम ते लहान असल्याचे व प्रकाशनातील पक्षपातामुळे तो फुगल्याचे दाखवले.

म्हणून डीबीटीचा प्रशिक्षित उपचारक गावात नाही, या कारणाने कोणी उपचार लांबवू नये. पद्धतीचे नाव विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: उपचाराला लिखित आराखडा आहे का, संकटात काय करायचे ते आधी ठरले आहे का, आणि उपचारक स्वतः कोणाशी सल्लामसलत करतो.