सान्याक परिणाम
सान्याक परिणाम हा फिरत्या प्रकाशीय प्रणालीत आढळणारा व्यतिकरणाचा आविष्कार आहे. एका प्रकाशझोताचे दोन भाग करून ते बंद मार्गावर परस्परविरुद्ध दिशांनी सोडले आणि संपूर्ण उपकरण फिरवले, तर फिरण्याच्या दिशेने जाणारा झोत किंचित उशिरा परततो. कारण दरम्यान आरंभबिंदू पुढे सरकलेला असतो. हा कालफरक मार्गाने वेढलेल्या क्षेत्रफळाच्या व कोनीय वेगाच्या सम प्रमाणात असतो.

फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज सान्याक यांनी १९१३ मध्ये फिरत्या मेजावर व्यतिकरण पट्ट्यांचे विस्थापन मोजले आणि तो ईथरच्या अस्तित्वाचा पुरावा मानला. वस्तुतः या प्रयोगातून तसा निर्णय होऊच शकत नव्हता. स्थिर ईथर आणि विशिष्ट सापेक्षता या दोन्ही कल्पनांनुसार विस्थापन सारखेच येते, हे माक्स फॉन लाउए यांनी १९११ मध्येच दाखवले होते. पॉल लांजव्हँ यांनी १९२१ मध्ये सापेक्षतेच्या आधारे सान्याक यांच्या निष्कर्षांचे स्पष्टीकरण दिले. तरीही सापेक्षतेचे विरोधक या प्रयोगाचा दाखला देत राहिले. मायकेलसन व गेल यांनी १९२५ मध्ये इलिनॉय येथे निर्वात नळ्यांच्या साहाय्याने पृथ्वीच्या परिवलनामुळे होणारे विस्थापन मोजले, पण त्यानेही दोन्ही पक्षांत निवाडा होण्याजोगा नव्हता.

विमानांतील लेसर गायरोस्कोप याच तत्त्वावर चालतात. जीपीएसच्या कालगणनेतही ही दुरुस्ती करावी लागते.