चोळी, पोलके आणि शिलाईचा हिशेब

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत मी काही लिहावे, असे आपल्या चिटणीसबाईंनी सुचविले तेव्हा मला हसूच आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लेखणीपेक्षा सुईच अधिक हाती धरलेली. पण हळदीकुंकवाला चारचौघी जमल्या की "चांगला शिंपी कोठे मिळेल हो? आणि शिलाई बेताची घेणारा?" हा प्रश्न हटकून निघतो. तेव्हा या प्रश्नाचाच थोडा मागोवा घ्यावा असे ठरविले. काही वाचनालयातल्या पुस्तकांत सापडले, काही सासूबाईंकडून ऐकले.

शिंप्याचा धंदा आपल्याकडे फार जुना. १२७० साली जन्मलेले संत नामदेव शिंप्याच्या घरचे. गावगाड्यातल्या अलुतेदारांतही शिंप्याचे नाव येते. परंतु बाईची चोळी पुष्कळ घरांत घरीच शिवली जाई. गुळेदगुड्डचा खण आणावा, आजीने किंवा काकूने तो बेतावा आणि दुपारच्या निवांत वेळी हाताने टीप घालावी. खणाचा काठ नेमका बाहीवर आला पाहिजे आणि कापडाची चिंधीही वाया जाता कामा नये, यात खरी परीक्षा. पुढे गाठ मारावयाची असल्याने ना हूक, ना काज. या कामाचे पैसे कोणी कोणास दिले नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोशाख बदलू लागला. सत्येंद्रनाथ टागोर नोकरीनिमित्त मुंबई इलाख्यात आले, तेव्हा त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनीदेवी यांनी पारशी बायकांची साडी नेसण्याची रीत पाहिली आणि तिच्यात फेरफार करून ती बंगालात नेली. साडीबरोबर नीट शिवलेला झंपर घालण्याची चालही त्यांनी तिकडे रुजविली. आपल्याकडेही हळूहळू गाठीच्या चोळीच्या जागी पोलके आले, झंपर आला. गळा, मुंढा, टक्स, बटणपट्टी हे सारे आले. आजीच्या बेतण्यात हे बसेना. घरचे काम घराबाहेर गेले आणि शिंपी शोधण्याची आपली पायपीट तेव्हापासून सुरू झाली.

याच सुमारास शिवणयंत्र पसरले. फ्रान्समध्ये १८३० साली थिमोनिए नावाच्या शिंप्याने यंत्राचे पेटंट घेतले. पण आपले पोट जाईल या भीतीने पॅरिसच्या शिंप्यांनी १८३१ साली त्याची यंत्रे मोडून टाकली. पुढे अमेरिकेत १८४६ साली हाऊने आणि १८५१ साली सिंगरने पेटंट घेतले. सिंगरच्या कंपनीने यंत्रे हप्त्याने विकण्यास सुरुवात केली, म्हणून ती गरिबाच्या घरातही शिरली. गांधीजींचा यंत्रांना विरोध होता असे आपण ऐकतो. पण १९२४ साली त्यांनीसुद्धा शिवणयंत्राला अपवाद केला होता. पुढे १९३० नंतरच्या दशकात कलकत्त्यास उषा यंत्र निघाले आणि कित्येक मुलींच्या सासरी ते रुखवतात गेले.

यंत्राने बायकांना आणखी एक वाट दाखविली. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली शारदा सदन काढले, कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम, आणि रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्याचे सेवासदन उभे राहिले. निराधार बाईने स्वतःच्या पायावर उभे राहावे हा या सर्वांचा ध्यास. सेवासदनात शिवणाचे वर्गही चालले. पुढे गावोगावच्या मंडळांनी तोच कित्ता गिरवला.

आता घरची गोष्ट सांगते. माझी मावशी ऐन तिशीत विधवा झाली. पदरी दोन मुले. तिने हप्त्याने यंत्र घेतले व खोलीतच शिवण सुरू केले. बाईच माप घेणार म्हणून बायकांना संकोच नसे. पण पैसे देताना प्रत्येकीच्या तोंडी एकच वाक्य, "बाजारातला शिंपी घेतो तेवढे तू कशाला घेतेस? तुला कुठे दुकानाचे भाडे आहे?" माझ्या लग्नात, १९९९ साली, तिने माझी अकरा पोलकी शिवली आणि माझ्या आईनेही हेच वाक्य म्हटले. मावशी गप्प राहिली.

पुढे मीही तेच केले. पाच रुपये स्वस्त म्हणून आईचा खण मी बाजारात एकाकडे टाकला. त्याने काठ उलटा लावला व मुंढा इतका तंग कापला की हात वर होईना. रडत मावशीकडे गेले. तिने काखेत जोड देऊन रात्री दहापर्यंत बसून ते नीट केले, एक पैसा घेतला नाही. चष्म्यावरून बघत एवढेच म्हणाली, "पाच रुपये वाचले का ग?"

त्या रात्री मी तिच्याजवळ बसून मोजले. अस्तर भिजवणे, इस्त्री, कापणे, टिपा, हूक, काजे, हातशिलाई. एका पोलक्याला सारी दुपार जाते. आजीने फुकट शिवले म्हणून आपल्याला शिलाई महाग वाटते. पण आजीचे श्रम फुकट नव्हते, त्यांचा हिशेब कोणी ठेवला नव्हता, इतकेच.

भगिनींनो, चांगला शिंपी ओळखावा कसा? कपडा उलटा करून पाहावा. आत दाब ठेवला आहे का, म्हणजे पुढे अंग भरले तर उसवता येईल. अस्तर आधी भिजवतो का, हे विचारावे. पहिल्यांदा साधे कापड टाकावे, भारी खण नव्हे. मापाचे जुने पोलके द्यावे, पण नवे मापही घ्यावयास लावावे. आणि शिलाई आधी ठरवावी, नंतर घासाघीस करू नये.

मावशी २०१४ साली गेली. तिचे यंत्र माझ्याकडे आहे. आपल्याच गल्लीत तिघी-चौघी घरी शिवतात. त्यांची नावे मंडळाच्या फळ्यावर लावावीत आणि बाजारातल्या शिंप्याइतकीच शिलाई त्यांना द्यावी, अशी माझी सूचना आहे. परवडणे दोन्ही बाजूंचे असावे. जास्त काय लिहावे? चूकभूल द्यावी घ्यावी.