दुःखसहन, ख्रिस्ताचे

मराठी ख्रिस्ती परिभाषेत 'दुःखसहन' म्हणजे येशूने अटकेपासून मरणापर्यंत भोगलेल्या यातना. त्या त्याने आपणहून पत्करल्या, हा श्रद्धेचा गाभा. पौलाने फिलिप्पैकरांना लिहिताना त्याला स्वतःला रिते करणे म्हटले. ज्यावर हे मरण आले त्याला प्रॉटेस्टंट मंडळ्या 'वधस्तंभ' म्हणतात, कॅथलिक 'क्रूस'.

हा वृत्तांत जितका ख्रिस्ताचा, तितकाच त्याच्या माणसांच्या उणेपणाचा आहे. गेथशेमाने बागेत पेत्र, याकोब आणि योहान यांना त्याने फक्त जागे राहायला सांगितले होते. तीनदा तो परत आला, तीनदा ते झोपलेले. विश्वासघातकी म्हणून यहूदाचे नाव घेतले जाते, पण चिंतन करणाऱ्याला पेत्र अधिक जवळचा वाटावा. थंडी आहे, महायाजकाच्या वाड्याच्या अंगणात कोळशाची शेकोटी पेटलेली आहे, पेत्र हात शेकत उभा आहे आणि एका दासीच्या साध्या प्रश्नाने तो गडबडतो आणि येशूला तीनदा नाकारतो. मग कोंबडा आरवतो. योहानाने या शेकोटीसाठी योजलेला ग्रीक शब्द नव्या करारात आणखी एकदाच येतो: पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी, जिथे येशू तशाच निखाऱ्यांजवळ पेत्राला प्रेमाबद्दल तीनदा विचारतो. जितके नकार, तितक्या संधी.

मराठीत ही कथा ओवीतून आली. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये गोव्यात, रायतूर येथे छापले गेले. त्याच्या दुसऱ्या पुराणात ख्रिस्ताचे जीवन, मरण आणि पुनरुत्थान आहे. पेत्राच्या चरित्रावर फ्रेंच जेझुइट एत्येन द ला क्रुवा यांनी 1629 च्या सुमारास स्वतंत्र ओवीबद्ध पुराण रचले. पुढे ना. वा. टिळकांनी हाती घेतलेले 'ख्रिस्तायन' त्यांच्या निधनामुळे (1919) अपुरे राहिले. ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

मराठवाड्यातल्या जालना जिल्ह्यात हा संदेश रुजवण्यात नारायण शेषाद्री यांचा वाटा मोठा. 1843 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या ब्राह्मण धर्मोपदेशकाने जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारली आणि मांग-महार वस्त्यांत काम केले.

उत्तम शुक्रवारी अनेक मराठी मंडळ्यांत दुपारी बारा ते तीन उपासना चालते. वधस्तंभावरील सात उद्गारांवर एकामागून एक प्रवचने होतात. लूक आणि योहान यांच्याकडून तीन-तीन उद्गार येतात. उरलेला एक मत्तय आणि मार्क दोघांत आहे. पाचवा उद्गार तहानेचा. मराठवाड्यात हा दिवस ऐन उन्हाळ्याच्या तोंडी येतो, विहिरी खोल गेलेल्या असतात. तहान काय हे इथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. वधस्तंभावरच्या त्या तहानेला माणसांकडून मिळाला तो आंबेत, म्हणजे आंबट द्राक्षारसात, बुडवून एजोबाच्या काडीवर धरलेला स्पंज.