दार लावून साजरा होणारा सण

कोकणातील बेने इस्रायल समाजाच्या एका जुन्या सणाचे नाव होते ‘दारफाळणीचा सण’. अलिबाग-पेणकडच्या गावांत शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या ‘शनवार तेल्यां’कडे तेव्हा ना सिनॅगॉग होते, ना हिब्रू पोथ्या. वर्षातील त्या एका दिवशी ते शुभ्र वस्त्रे नेसत, कडक उपवास करत आणि घराची दारे लावून आत बसत. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. त्या दिवशी दारे उघडत, गोरगरिबांना दान दिले जाई, आप्तांच्या भेटी होत.

हा म्हणजे यहुदी पंचांगातील तिश्री महिन्याच्या दशमीचा योम किप्पुर, प्रायश्चित्ताचा दिवस. मूळ नाव विस्मरणात गेले, आचार मात्र टिकला. इतर सणांचेही तसेच. नववर्ष ‘नव्याचा सण’ झाले. मंदिरविध्वंसाच्या स्मरणाचा उपवास वालाच्या बिरड्याने सुटे, म्हणून तो ‘बिरड्याचा सण’. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही नावे टिपून ठेवली, हे आपले भाग्यच. एरवी ती स्वयंपाकघरांतच विरून गेली असती.

१७९६ मध्ये समाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर, यांनी मुंबईत मांडवीला पहिले सिनॅगॉग बांधले. इंग्रजांच्या फौजेतील हा अधिकारी टिपूच्या कैदेतून सुटून आला होता. पुढे कोचीनहून शिक्षक आले, प्रार्थना आल्या, आणि घरात कोंडलेला सण सभेत आला. योम किप्पुरच्या अखेरच्या प्रार्थनेचे नाव ‘नेइला’, अर्थात द्वार मिटणे. दारफाळणीचा उगम त्यातच असेल असे ठामपणे म्हणता येत नाही. पण मांडवीत ती प्रार्थना प्रथम ऐकणाऱ्या एखाद्या वृद्धाला आपल्या घराचे दार आठवले नसेल, असे मानणे कठीण आहे.

सर्वच सण सिनॅगॉगमध्ये गेले नाहीत. वल्हांडणाचे भोजन घरीच राहिले, आणि त्यासाठी पुण्यात १८७४ साली हिब्रू-मराठी ‘हगादा’ छापला गेला. त्यातील एका चित्रात लुगडी नेसलेल्या स्त्रिया बेखमीर भाकरी करताना दिसतात. मिसरमधून झालेल्या सुटकेची कथा या लोकांनी मराठीत ऐकली ती अशी.

पुण्यात आज दोन सिनॅगॉग आहेत. डेव्हिड ससून यांनी उभारलेले, १८६७ मध्ये पूर्ण झालेले, विटांचे ‘लाल देऊळ’ मूळचे बगदादी यहुद्यांचे. रास्ता पेठेतील १९२१ चे ‘सुक्कथ शेलोमो’ बेने इस्रायलांचे. धर्म एक, सण एक, तरी प्रार्थनागृहे निराळी. बगदादींपैकी अनेकांना बेने इस्रायलांच्या यहुदीपणाविषयीच शंका होती. ज्यांनी पोथीवाचून शतकानुशतके उपवास पाळला, त्यांच्याकडे पुरावा मागितला जावा, ही बाब आजही टोचते.

१९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. सभेतील प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष लागतात. कोकणातील अनेक सिनॅगॉगांत आता ती संख्या भरत नाही. सणाला मुंबई-ठाण्याहून माणसे आली, तरच दार उघडते.