रूपांतरांची साखळी आणि एक्सएसएलटीमधील एक निर्बंध

एका प्रक्रियेचे फलित हेच दुसऱ्या प्रक्रियेचे उपादान व्हावे, ही कल्पना संगणकशास्त्रास नवीन नव्हती. युनिक्स प्रणालीत १९७३ मध्येच 'पाइप'ची योजना झाली होती. असे असता, १६ नोव्हेंबर १९९९ रोजी जेम्स क्लार्क यांच्या संपादकत्वाखाली प्रमाणित झालेल्या एक्सएसएलटीच्या पहिल्या आवृत्तीत अशी साखळी आतल्या आत गुंफण्याची वाट बंद ठेवलेली आढळते. रूपांतरातून निघालेला वृक्ष चलात साठविता येई. परंतु केवळ अक्षरमालेवर जे संस्कार करता येतात तेवढेच त्यावर करण्याची मुभा होती. त्याच्या शाखांत पुन्हा प्रवेश नव्हता.

याचे कारण भाषेच्या मूळ हेतूत शोधावे लागते. सर्वसामान्य रूपांतराची भाषा घडविणे हा आपला उद्देश नव्हे, असे त्या प्रमाणकातच सांगितलेले आहे. पृष्ठरचनेपूर्वीची मांडणी हे तिचे मुख्य नियोजित कार्य होते. डीएसएसएसएल या १९९६ च्या प्रमाणकाशी असलेले तिचे नातेही येथे ध्यानात घ्यावयास हवे. वापरणारांनी मात्र तिच्याकडून याहून पुष्कळ अधिक अपेक्षिले. खुद्द क्लार्क यांच्या 'एक्सटी' या कार्यक्रमात त्या वृक्षाचे पुन्हा नोडसमूहात परिवर्तन करणारे जादा फलन होते, ही गोष्ट बोलकी आहे!

अनेक दस्तऐवजांच्या एकत्रीकरणाची स्थिती थोडी बरी होती. 'डॉक्युमेंट' या फलनाने दुसरा दस्तऐवज वाचता येई. तथापि 'की' हे फलन चालू नोड ज्या दस्तऐवजात असेल तेथेच शोध घेई. त्यामुळे दोन ग्रंथसूची दाखलक्रमांकावरून जुळवावयाच्या झाल्यास आधी संदर्भ पालटून दुसऱ्या सूचीत उतरावे लागे, आणि तिकडे जाण्यापूर्वी पहिलीतील क्रमांक चलात राखून ठेवावा लागे. नवशिक्यांची हमखास फसगत होण्याचे हे ठिकाण.

निर्बंध उठविण्याचा प्रस्ताव डिसेंबर २००० च्या १.१ या मसुद्यात आला. परंतु २००१ मध्ये ते काम सोडून देण्यात आले. अखेर जानेवारी २००७ मध्ये, मायकेल के यांच्या संपादकत्वाखालील दुसऱ्या आवृत्तीने मधल्या वृक्षास पूर्ण दर्जा दिला. भाषेबाहेर साखळी वर्णन करणारे 'एक्सप्रॉक' हे प्रमाणक २०१० चे. जून २०१७ च्या तिसऱ्या आवृत्तीत क्रमबद्ध दस्तऐवज एकत्र करणारी 'मर्ज' ही स्वतंत्र आज्ञा आली, आणि संपूर्ण वृक्ष स्मृतीत न उभारता प्रवाही रीतीने ते कार्य करणे शक्य झाले. ब्राउझरांनी मात्र पहिल्या आवृत्तीपलीकडे पाऊल टाकले नाही.